परिचारिकेवर उगारलेला हात
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाचा प्रसंग हा स्वभावतःच कृतज्ञतेचा प्रसंग होय. ज्यांनी या धर्मग्रामाची उभारणी केली, ज्यांनी येथे शाळा चालविल्या, ज्यांनी आपल्या वाडवडिलांस शेवटचा निरोप दिला, त्यांची नावे या मंडपात आदराने घेतली जात आहेत, आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु अशा दिवशी हिशेबाच्या वहीचे दुसरे पानही उलटून पाहणे हितावह असते. आपण कोणाकोणाचे देणे लागतो, आणि त्यांपैकी कोणाचे देणे अद्याप फिटलेले नाही, हे त्या पानावर लिहिलेले असते. समितीने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही हे दुसरे पानच वाचावे असे ठरविले. आमचा विषय आहे, रुग्णालयांत परिचारिकांवर होणारे हल्ले व अपमान, आणि त्यांमुळे त्यांच्या मनाची होणारी हानी.

उत्सवाच्या दिवशी असा कटू विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, ज्याच्या आप्तस्वकीयांत एकही परिचारिका नाही असे घर आपल्यात विरळाच आढळेल. कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची आत्या या सेवेत आहे; कोणी मुंबईस आहे, तर कोणी परदेशी. दुसरे उत्तर याहून अवघड आहे. रुग्णालयाच्या दारात जो जमाव संतापाने हात उगारतो, तो काही परग्रहावरून आलेला नसतो. तोही आपल्यासारख्याच कुटुंबांतून आलेला असतो. ज्या हाताने मार बसतो तो हात आणि ज्या गालावर तो बसतो तो गाल, हे दोन्ही रविवारी एकाच मंदिरात प्रार्थनेस बसत असण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाची चर्चा केवळ रुग्णालयांच्या भिंतींआड न होता आपल्या घरांत व आपल्या सभेत व्हावयास हवी.

प्रथम या दुःखाचा विस्तार किती आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे, आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी शेकडा ८ ते ३८ जणांस आपल्या नोकरीच्या काळात केव्हा ना केव्हा शारीरिक मारहाण सोसावी लागते. शाब्दिक अपमान व धमक्या यांची गणना केल्यास हा आकडा पुष्कळच वाढतो. २०१४ साली पॉल स्पेक्टर व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या देशांतील १३६ अभ्यासलेख एकत्र करून दीड लाखाहून अधिक परिचारिकांची माहिती तपासली. तीत असे आढळले की, शेकडा सुमारे ३६ परिचारिकांवर शारीरिक हल्ला झाला होता, शेकडा सुमारे ६७ जणींस शिवीगाळ अथवा धमक्यांसारखा अशारीरिक त्रास झाला होता, आणि चौघींपैकी एकीला लैंगिक छळ सोसावा लागला होता. अपघात विभाग, मनोरुग्णालये आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या संस्था या ठिकाणी मारहाणीचे प्रमाण विशेष होते. देशोदेशीची परिस्थिती भिन्न असल्यामुळे आकड्यांत फरक पडतो, हे उघड आहे. तथापि परिचारिकेचा पेशा म्हणजे शांत, सुरक्षित व मायेने भरलेला पेशा, ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

आपल्या मुंबईत या विषयाचे जे सर्वांत दारुण उदाहरण घडले, ते येथे सांगणे अवश्य आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची तरुण परिचारिका होती. ती मूळची कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून ती रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलण्यास गेली असता तेथीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्ताचा पुरवठा खुंटल्यामुळे तिची शुद्ध हरपली, ती कायमचीच. त्यावेळी तिचे वय २५ वर्षांचे होते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत झाला, तोपर्यंत सुमारे साडेएकेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात पडून होती. अपराध्यास सात वर्षांची शिक्षा झाली. या दोन आकड्यांची तुलना श्रोत्यांनी आपल्या मनाशीच करावी.

या कथेचा दुसरा भाग आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. या सर्व काळात तिची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. तिची खाट रिकामी करून तिला अन्यत्र हलविण्याचा विचार महापालिकेने केला, तेव्हा परिचारिकांनी त्यास निकराने विरोध केला, आणि तो विचार मागे पडला. २०११ साली तिच्या संबंधाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. इतकी वर्षे अंथरुणास खिळूनही तिच्या अंगावर व्रण पडू न देणाऱ्या त्या परिचारिकांची न्यायमूर्तींनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. निकालात दयामरणाविषयी जे सांगितले गेले त्याची चर्चा देशभर झाली. परंतु एक परिचारिका आपल्या कामाच्या जागी कपडे बदलावयास गेली असता सुरक्षित का नव्हती, हा मूळचा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. १९७३ साली तिच्या सहकारिणींनी काम बंद ठेवून नेमका हाच प्रश्न विचारला होता. जिच्यासाठी त्यांनी तो विचारला, तिच्या उशाशी पुढे परिचारिकांच्या कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळजणींचा १९७३ साली जन्मही झाला नसेल. तिला कूस पालटून देताना या वेशात काय घडू शकते याची आठवण त्यांच्या मनात आली नसेल, असे कसे म्हणावे?

असे भयंकर प्रसंग सुदैवाने क्वचित घडतात. पण नित्य घडणारे प्रसंग लहान असतात म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. रात्री दोनच्या सुमारास अपघात विभागात वीस माणसे एका जखमीबरोबर आत घुसतात. बाहेर थांबा म्हणणाऱ्या सिस्टरचा हात पिरगाळला जातो. वॉर्डात भेटीची वेळ संपल्याचे सांगितले की, "तुला बघून घेईन, बाहेर ये," असे शब्द कानी पडतात. सलाईन लावताना शीर सापडली नाही की तिच्या जातीचा, प्रांताचा, रंगाचा उद्धार होतो. मृत्यूची वार्ता डॉक्टर सांगून जातात, आणि नंतरचा आक्रोश व संताप जवळ उभ्या असलेल्या परिचारिकेवर कोसळतो. कधी दुखणे बरे होत आलेला एखादा रोगी मुद्दाम अंगचटीस येतो. कधी वरिष्ठांचा ओरडाही सर्वांदेखत तिलाच खावा लागतो. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक भासेल. परंतु थेंबाथेंबाने दगडासही खळगा पडतो, हे आपण जाणतो.

एक भेद मात्र येथे करावयास हवा. तापाच्या भ्रमात, दारू एकाएकी तुटल्यामुळे आलेल्या वेडात, अथवा म्हातारपणी बुद्धी लोपल्यामुळे जो रोगी हात उगारतो, त्यास आपण अपराधी म्हणत नाही. परिचारिकाही त्यास अपराधी म्हणत नाही. पण मार तर लागतोच, आणि भीतीही बसतेच. मारणारा निर्दोष असला म्हणून मार खाणारीला दुखलेच नाही, असे होत नाही. अशा वेळी दोष कोणाचा हा प्रश्न बाजूस ठेवून जिला लागले तिची विचारपूस झाली पाहिजे.

आता आम्ही विषयाच्या गाभ्याकडे वळतो. इतर पेशांतील माणसाचा अपमान झाला तर त्यास दूर होता येते. टपाल कार्यालयातील कारकून खिडकी लावून घेऊ शकतो, दुकानदार गिऱ्हाईकास पायरी उतरण्यास सांगू शकतो. परिचारिकेस यांतले काहीच करता येत नाही. जिच्या मुलाने तिला मघाशी शिवी दिली त्याच म्हातारीला अर्ध्या तासाने औषध द्यावयाचे असते, आणि तो मुलगा तेथेच बसलेला असतो. तिला हात थरथरू न देता इंजेक्शन भरावे लागते, मात्रा मोजावी लागते, आणि वर "आजी, आता बरं वाटतंय ना?" असे हसून विचारावेही लागते. १९८३ साली अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून एक महत्त्वाचा विचार मांडला. चेहऱ्यावरचे हास्य व आवाजातील गोडवा हाही नोकरीचा भाग म्हणून पुरवावा लागतो तेव्हा तो एक प्रकारचा श्रमच होय, आणि इतर श्रमांप्रमाणे त्यानेही माणूस थकतो, असे त्यांनी दाखविले. त्यांनी या श्रमास भावनिक श्रम असे नाव दिले. परिचारिकेच्या बाबतीत हा श्रम किती पटींनी वाढत असेल, याची कल्पना करावी. घाबरलेल्या मनाने दुसऱ्यास धीर देणे, यासारखे कष्टाचे काम दुसरे नाही.

त्या श्रमाचा परिणाम लगेच दिसत नाही. मार खाल्लेली परिचारिका त्या दिवशी पाळी पुरी करून घरी जाते. मग झोप उडते. पाठीमागे कोणी भरभर चालत आले की छातीत धस्स होते. रात्रपाळीच्या आदल्या दिवसापासून पोटात कालवाकालव सुरू होते. ज्या खाटेपाशी तो प्रसंग घडला तिच्याजवळ जाण्याचे ती नकळत टाळू लागते. आपलेच काही चुकले असेल, आपण जरा गोड बोलावयास हवे होते, असा स्वतःलाच दोष देणारा विचार मनात घर करतो. घरी लेकरांवर विनाकारण आवाज चढतो, आणि मागाहून त्याचे वाईट वाटते. पुढे पुढे काहीच वाटेनासे होते; रोग्याचे कण्हणे कानावर पडते, पण आत पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउट या अवस्थेची लक्षणे सांगितली, ती अशीच आहेत: शक्ती संपल्याची जाणीव, कामापासून मन तुटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने त्यास रोग न म्हणता कामातील न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. याचा अर्थ असा की, परिचारिकेचे मन कोमेजले तर केवळ तिच्या दुबळेपणाकडे बोट दाखवून चालणार नाही. तिच्या कामाच्या जागेकडेही पाहावे लागेल. आणि यात शेवटी तोटा कोणाचा? जिचे मन मिटले तिच्या हाताखालच्या रोग्याचाच. अनुभवी परिचारिका कंटाळून पेशा सोडते, तेव्हा तिच्या रिकाम्या जागेचे मोल आपल्यापैकीच कोणाच्या तरी आईवडिलांस द्यावे लागते.

बंधुभगिनींनो, आम्ही जे सांगण्यास उभे राहिलो ते थोडक्यात असे आहे. पहिला आघात हाताचा अथवा शब्दाचा असतो. दुसरा आघात मौनाचा असतो, आणि पुष्कळदा हा दुसराच अधिक खोल जातो. "हे चालायचेच," "या नोकरीत एवढे सोसावेच लागते," "तक्रार केलीस तर संस्थेचे नाव जाईल," "तू तिथे काय बोलली होतीस?" अशी वाक्ये वरिष्ठांच्या, सहकाऱ्यांच्या आणि घरच्यांच्याही तोंडून ती ऐकते. मारणाऱ्याने तिचा एकदाच अपमान केला. तिच्या माणसांनी तो अपमान मान्य करून टाकला. मग तक्रारवहीचे पान कोरे राहते, आणि कोऱ्या पानाकडे बोट दाखवून सांगितले जाते की, आमच्याकडे असे काही घडतच नाही.

हे मौन आपल्यात टिकून राहण्यास एक धार्मिक गैरसमजही कारण आहे, म्हणून त्याविषयी बोलणे भाग आहे. सेवा म्हणजे त्याग, त्याग म्हणजे सोसणे, आणि सोसणे म्हणजे न बोलणे, अशी एक साखळी आपण आपल्या मुलींच्या गळ्यात घालतो. दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश आपण त्यांस ऐकवितो. परंतु योहानाच्या शुभवर्तमानातील एका प्रसंगाचा आपणांस विसर पडतो. हन्नाजवळ चौकशी चालू असता एका शिपायाने प्रभूच्या मुखावर चपराक मारली. तेव्हा प्रभू गप्प राहिले नाहीत. आपले बोलणे चुकले असेल तर ते दाखवून द्यावे, आणि बरोबर असेल तर मारण्याचे कारण काय, असे त्यांनी त्या शिपायास सर्वांसमक्ष विचारले. त्यांनी उलट मारले नाही, शापही दिला नाही. पण अन्यायास अन्याय म्हणण्याचे सोडले नाही. सहनशीलता आणि मुकेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या परिचारिकेने शांतपणे तक्रार लिहून दिली, तिने आपल्या सेवाव्रतास बट्टा लावलेला नाही.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रुग्णाचे नातेवाईक उगाच पिसाळत नाहीत. जवळचे माणूस मरणाच्या दारी पडलेले असते. कोणी नीट सांगत नाही. तासन्‌तास बाकावर बसून राहावे लागते. औषधे बाहेरून आणावी लागतात. बिलाचा आकडा ऐकून पायाखालची जमीन सरकते. वॉर्डात परिचारिका मोजक्याच असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानदंडाप्रमाणे, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांतील साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक आणि इतर साध्या रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी वेगळी तरतूद असावी. प्रत्यक्षात सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकदोन परिचारिका भरगच्च खोली सांभाळताना आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. अशा वेळी हाक मारूनही सिस्टर आली नाही, तर ती दुसऱ्या खाटेपाशी गुंतलेली असते. नेमणुका कमी करण्याचा निर्णय तिने घेतलेला नसतो, दरपत्रकही तिने ठरविलेले नसते. राग ज्या व्यवस्थेवर असतो ती व्यवस्था समोर दिसत नाही. पांढऱ्या वेशातील बाई तेवढी दिसते. रागाचे कारण खरे असले तरी त्याचे लक्ष्य चुकलेले असते. हे ज्याच्या ध्यानात आले त्याचा हात पुष्कळदा आपोआप खाली येईल, अशी आमची आशा आहे.

ज्यांच्या हात खाली येत नाही त्यांच्यासाठी कायदा आहे, आणि तो माहीत असणे सर्वांच्या हिताचे आहे. महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात डॉक्टरांबरोबर नोंदणीकृत परिचारिका व परिचर्येच्या विद्यार्थिनी यांचाही समावेश आहे. अशा हल्ल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. आणि मोडतोड केलेल्या सामानाच्या किमतीची दुप्पट भरपाई करावी लागते. करोनाच्या साथीत, २०२० साली, केंद्र सरकारने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून साथीच्या काळातील हल्ल्यांस याहून कडक शिक्षा ठरविली. गंभीर दुखापत झाल्यास ती सात वर्षांपर्यंत जाते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रुग्णालयांसही लागू आहे. कामाच्या जागी बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही स्त्रियांस सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे तो स्पष्ट सांगतो. तेव्हा त्रास देणारा नोकर नसून रोगी अथवा त्याचा नातेवाईक आहे, ही सबब संस्थेस पुढे करता येत नाही. परंतु कायदा कागदावरून उतरून वॉर्डात यावयाचा असेल, तर कोणीतरी प्रथम तक्रार लिहावी लागते. म्हणजे गोष्ट पुन्हा मौन मोडण्यापाशीच येऊन ठेपते.

मग आपण काय करावे? प्रथम, आपल्यापैकी जे रोग्याबरोबर रुग्णालयात जातील त्यांच्यासाठी. घरातील एकच समंजस माणूस बोलण्यासाठी नेमावा आणि डॉक्टरांकडून माहिती त्यानेच घ्यावी. दारू प्यालेल्या भावास अथवा पुतण्यास दारातूनच परत पाठवावे. खरोखर हलगर्जी झाली असे वाटल्यास ती लिहून द्यावी. लेखी तक्रारीस जी धार असते ती आरडाओरडीस नसते. आणि आपल्यातीलच कोणी हात उगारला तर तो धरणारा पहिला हात आपला असावा. परका मध्ये पडला तर भांडण वाढते. थोरल्या काकांनी अथवा मामांनी डोळे वटारले तर पुष्कळदा तेथेच मिटते.

दुसरे, आपल्यापैकी जे संस्था चालवितात अथवा विश्वस्त म्हणून बसतात त्यांच्यासाठी. कपडे बदलण्याची सुरक्षित खोली, उजेड असलेला जिना, रात्री हाकेच्या अंतरावर पहारेकरी, आणि नातेवाईकांस वेळच्या वेळी माहिती देणारे माणूस, एवढ्या गोष्टी चैनीच्या नव्हेत. हल्ला झाल्यास त्या दिवसापुरते परिचारिकेस त्या खाटेवरून दुसरीकडे न्यावे, पोलिसांत फिर्याद द्यावयाची ती संस्थेने आपल्या नावाने द्यावी, तिला एकटीला चौकीवर पाठवू नये, आणि आठवडाभराने मेट्रनने तिला जवळ बसवून "आता झोप लागते का?" एवढे तरी विचारावे. हे विचारण्यास पैसा लागत नाही.

तिसरे, घरच्यांसाठी. लेक अथवा सून पाळीवरून परत आली आणि गप्प बसली, तर तिला "तू काय बोलली होतीस?" असे विचारू नका. "तुला काय झालं?" असे विचारा, आणि मग ऐका. उपाय लगेच सुचविण्याची घाई नको. झोप कित्येक दिवस येत नसेल, कामावर जाण्याची भीती वाटत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या जखमेसाठी वैद्याकडे जाण्यात, हाडाच्या जखमेसाठी जाण्यापेक्षा अधिक लाज ती कसली?

आणि शेवटी, आपल्या धर्मग्रामासाठी एक सूचना. आपल्यात निवृत्त परिचारिका व मेट्रन आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा, देवमंदिराच्या एखाद्या खोलीत, तरुण परिचारिकांसाठी तासभर बसावे. तेथे उपदेश नको, इतिवृत्त नको. जिला बोलावयाचे असेल तिने बोलावे, आणि ज्यांनी हे सारे आधी भोगले आहे त्यांनी ऐकावे. ११ फेब्रुवारी हा दिवस १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणून आपण पाळतो. त्या दिवशी रोग्यांसाठी प्रार्थना होतेच; रोग्यांच्या उशाशी उभ्या राहणाऱ्यांसाठीही ती व्हावी.

परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून ज्यांस पोप अकरावे पायस यांनी १९३० साली जाहीर केले, त्या संत कमिल्लस यांचे चरित्र या बाबतीत मोठे बोधप्रद आहे. सोळाव्या शतकातील हा इटालियन शिपाई जुगारी आणि तापट होता. पायाच्या जखमेसाठी तो रोमच्या सेंट जेम्स रुग्णालयात गेला, तेथेच कामास राहिला, आणि भांडखोर स्वभावामुळे तेथून घालविला गेला. पुढे तोच मनुष्य पालटला, त्याच रुग्णालयात परत आला, आणि रोग्यांची सेवा करणारा एक संघ त्याने स्थापिला. त्यास १५८६ साली मान्यता मिळाली. रुग्णालयात भांडणारा माणूस परिचारिकांचा आश्रयदाता होऊ शकला. म्हणून आज हात उगारणाऱ्याविषयीही आम्ही निराश नाही. परंतु त्याचा पालट व्हावा यासाठी त्याने केले ते चूक आहे, हे त्यास कोणीतरी सांगितले पाहिजे. आणि जिला लागले तिला कोणीतरी विचारले पाहिजे. ही दोन्ही कामे उद्यापासून आपल्या हाती आहेत.